मालदीवमधील शार्क व मांटा डायव्हिंग

मालदीवमधील शार्क व मांटा डायव्हिंग हा हिंदी महासागरातील मालदीव या द्वीपराष्ट्रात चालणारा स्कूबा डायव्हिंगचा एक प्रकार आहे. यात पाणबुडे पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून प्रवाळभित्तींच्या परिसरात उतरतात आणि शार्क व मांटा या माशांचे त्यांच्या नैसर्गिक अधिवासात निरीक्षण करतात. बहुतेक ठिकाणी पिंजरा नसतो आणि माशांना आमिषही दाखवले जात नाही. समुद्राचा प्रवाह मासे जिथे आणतो, तिथे त्यांच्या आधी पोहोचून शांत बसणे, एवढेच पाणबुड्याच्या हाती असते. देशाच्या पर्यटनात या व्यवसायाला महत्त्वाचे स्थान आहे. मालदीवने २०१० साली आपल्या संपूर्ण सागरी हद्दीत शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली, त्या निर्णयामागेही याच व्यवसायाचे अर्थकारण होते.

भूरचना आणि शब्द

मालदीवमध्ये सुमारे १,२०० लहान बेटे असून ती उत्तर-दक्षिण पसरलेल्या २६ कंकणद्वीपांत विभागलेली आहेत. कंकणद्वीपासाठी जगभर रूढ असलेला ‘अ‍ॅटॉल’ हा शब्द मालदीवच्या धिवेही भाषेतील ‘अथोळु’ या शब्दावरून आला आहे. प्रत्येक कंकणद्वीपाच्या कडेने प्रवाळभित्तीचे कडे असते आणि आत उथळ खारकच्छ असते. कड्यात ठिकठिकाणी खिंडी असून त्यांतून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करते. अशा खिंडीला धिवेहीत ‘कंडु’ म्हणतात. खारकच्छात पाण्याखाली उभ्या असलेल्या टेकडीला ‘थिला’, तर माथा जवळजवळ पृष्ठभागापर्यंत आलेल्या लहान टेकडीला ‘गिरी’ म्हणतात. मराठी वाचकाला हा दुसरा शब्द परका वाटणार नाही. धिवेही ही इंडो-आर्य कुळातील भाषा आहे. तिच्यात शार्कला ‘मियरु’ म्हणतात आणि हा शब्द संस्कृत ‘मकर’ या शब्दाशी जोडला जातो. पाकटवर्गीय माशांना ‘मडि’ म्हणतात. म्हणूनच ‘मडिवरू’ हे नाव असलेल्या स्थळी मांटा दिसण्याची शक्यता असते, हे नावावरूनच कळते. पाणबुड्यांना स्थळापर्यंत नेणाऱ्या नौकेला ‘धोनी’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘द्रोणी’ची आठवण करून देतो.

कंडु आणि थिला हे शब्द आज जगभरच्या पाणबुड्यांच्या तोंडी आहेत, कारण येथील डायव्हिंग या भूरचनेवरच अवलंबून आहे. खिंडीच्या तोंडाशी शार्क, टेकडीच्या माथ्यावर किंवा खिंडीच्या कडेला मांटा, आणि भित्तीच्या बाहेरच्या उताराला तिमिंगल शार्क, अशी ढोबळ विभागणी करता येते.

मोसमी वारे आणि प्रवाह

कोणता मासा कुठे दिसेल हे मोसमी वाऱ्यांवरून ठरते. साधारणपणे डिसेंबर ते एप्रिल या ईशान्य मोसमी काळाला मालदीवमध्ये ‘इरुवै’ आणि मे ते नोव्हेंबर या नैऋत्य मोसमी काळाला ‘हुळंगु’ म्हणतात. इरुवैमध्ये समुद्राचा प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. खुल्या समुद्राचे स्वच्छ पाणी पूर्वेकडील खिंडींतून आत शिरते आणि खारकच्छातील प्लवक बरोबर घेऊन पश्चिमेकडील खिंडींतून बाहेर पडते. हुळंगुमध्ये हीच क्रिया उलट दिशेने घडते.

शार्क पाणी आत येते त्या बाजूला थांबतात. तिथे पाणी नितळ असते, आणि समोरून येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करून राहिले की फारशी हालचाल न करता एका जागी तरंगता येते. मांटा पाणी बाहेर पडते त्या बाजूला जमतात, कारण ते प्लवकभक्षी आहेत आणि त्यांचे अन्न त्या गढूळ पाण्यातच असते. त्यामुळे ज्या पाण्यात दूरवरचे दिसते त्यात मांटा क्वचित भेटतात, आणि जिथे मांटा हमखास भेटतात तिथे दृश्यता कमी असते. पहिल्यांदा येणाऱ्या पर्यटकाची येथे बहुधा निराशा होते. जाहिरातींतील निळ्याशार पाण्याची छायाचित्रे पाहून तो आलेला असतो आणि प्रत्यक्षात त्याला हिरवट, दाणेदार पाण्यात वाट पाहावी लागते.

कोकणात पावसाळ्यात तारकर्ली-मालवण येथील स्कूबा डायव्हिंग बंद असते. मालदीवमध्ये मात्र त्याच नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात मांटांचा सर्वांत मोठा मेळावा भरतो.

आढळणारे मासे

करडा प्रवाळी शार्क हा येथील खिंडींमधला प्रमुख शार्क होय. त्याची लांबी बहुधा दोन मीटरांच्या आत असते. त्याला कोंडीत पकडल्यासारखे वाटले तर तो पाठीची कमान करतो, छातीचे पर खाली झुकवतो आणि अंग पिळवटत पोहतो. ही धोक्याची सूचना समजून पाणबुड्याने सावकाश मागे सरायचे असते. पांढऱ्या टोकाचा प्रवाळी शार्क दिवसा कपारींत किंवा वाळूवर निजलेला आढळतो आणि रात्री शिकारीला निघतो. काळ्या टोकाच्या प्रवाळी शार्कची पिले गुडघाभर पाण्यातही फिरतात, त्यामुळे पाण्यात न उतरणाऱ्यालाही ती बेटाच्या धक्क्यावरून दिसू शकतात. वावू कंकणद्वीपातील अलिमथा येथे रात्रीच्या डायव्हिंगमध्ये मोठ्या संख्येने परिचारिका शार्क दिसतात. रसधू येथे हातोडीच्या आकाराचे डोके असलेल्या शार्कसाठी पाणबुडे सूर्योदयापूर्वी पाण्यात उतरतात. भित्तीपासून दूर, तळ न दिसणाऱ्या निळ्या पाण्यात शोध घ्यावा लागतो आणि अनेकदा हाती काही लागत नाही. दक्षिणेकडील फुवहमुला हे एकच बेट असलेले कंकणद्वीप वाघशार्कसाठी प्रसिद्ध आहे. बंदराच्या तोंडाशी टाकल्या जाणाऱ्या माशांच्या अवशेषांमुळे वाघशार्क तेथे वर्षभर येतात. आमिषाविना डायव्हिंग या सर्वसाधारण पद्धतीला हे ठिकाण अपवाद आहे आणि त्यावरून मतभेदही आहेत.

तिमिंगल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा आहे. दक्षिण अरि कंकणद्वीपाच्या बाहेरच्या कडेला तो वर्षभर दिसतो. तेथे दिसणारे बहुतेक मासे वयात न आलेले नर असतात. हा भाग २००९ साली संरक्षित घोषित झाला. भारतात याच माशाला २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

मांटा हा पाकटांचा नातेवाईक आहे. कोकण किनाऱ्यावर ओळखीच्या असलेल्या पाकटाच्या शेपटीला विषारी काटा असतो, मांटाला तो नसतो. मालदीवमध्ये प्रामुख्याने प्रवाळी मांटा आढळतो. त्याच्या पसरलेल्या परांची रुंदी बहुधा तीन ते साडेतीन मीटर असते. महासागरी मांटा याहून मोठा असून सात मीटरांपर्यंत वाढू शकतो. २००९ पर्यंत या दोघांची गणना एकाच जातीत होत असे. मांटाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना शिंगांसारखे दिसणारे पर असतात. पोहताना तो ते गुंडाळून ठेवतो आणि खाताना उलगडून त्यांनी पाणी तोंडात वळवतो. या ‘शिंगां’मुळेच पूर्वीचे दर्यावर्दी त्याला सैतानाचे नाव देत आणि त्याला भीत असत. शरीराच्या तुलनेत त्याचा मेंदू इतर माशांपेक्षा मोठा असतो. पोटावरील काळ्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक मांटाची वेगळी असते आणि आयुष्यभर बदलत नाही. या ठिपक्यांच्या छायाचित्रांवरून मालदीवमध्ये ५,०००हून अधिक प्रवाळी मांटांची नोंद झाली आहे. या जातीचा ज्ञात असलेला हा जगातील सर्वांत मोठा समूह आहे. नोंदीतील पुष्कळ छायाचित्रे सामान्य पर्यटकांनी काढलेली आहेत.

मादी एका वेळी बहुधा एकच पिलू देते आणि गर्भकाळ सुमारे एक वर्षाचा असतो. प्रौढ व्हायलाच तिला दहाहून अधिक वर्षे लागतात. एवढ्या मंद गतीने वाढणारा मासा थोड्याशा मासेमारीनेही एखाद्या भागातून नाहीसा होऊ शकतो. चिनी पारंपरिक औषधांसाठी मांटाच्या कल्ल्यांतील पट्ट्यांना मागणी असल्याने अनेक देशांत त्याची शिकार झाली. २०१३ साली बँकॉक येथील परिषदेत मांटाचा समावेश साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करण्यात आला. मालदीवमध्ये सर्व पाकटवर्गीय माशांना २०१४ पासून संरक्षण आहे.

दिवसाचा क्रम

पाणबुडे एखाद्या बेटावरील डायव्हिंग केंद्रातून किंवा ‘सफारी बोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निवासी नौकेवरून समुद्रात जातात. सफारी बोटीवर दिवसाला साधारणपणे तीन वेळा पाण्यात उतरता येते, आणि कधी त्यात रात्रीच्या एका डायव्हिंगची भर पडते. करमणुकीच्या डायव्हिंगसाठी मालदीवमध्ये ३० मीटर खोलीची कायदेशीर मर्यादा आहे. नवागताला पहिल्या दिवशी शांत, उथळ जागी उतरवून त्याचे कौशल्य तपासले जाते.

सकाळची पहिली खेप सहसा खिंडीत, शार्कसाठी असते. त्याआधी मार्गदर्शक फळ्यावर खिंडीचा नकाशा काढतो, प्रवाहाची दिशा व उतरण्याची जागा समजावतो आणि हातांच्या खुणांची उजळणी घेतो. प्रवाह आत वाहत आहे की बाहेर, याची खात्री करण्यासाठी तो अनेकदा स्वतः आधी पाण्यात उतरून पाहतो. प्रवाह बाहेर वाहत असेल तर त्या खिंडीत उतरणे रद्द केले जाते, कारण बाहेर जाणारा लोट पाणबुड्याला खुल्या समुद्रात ओढून नेऊ शकतो.

खिंडीत पृष्ठभागावर रेंगाळता येत नाही. सर्वांनी एकाच वेळी उडी मारून, कानांवरील दाब संतुलित करत, झपाट्याने खिंडीच्या ओठापर्यंत पोहोचायचे असते. उशीर झाला तर प्रवाह पाणबुड्याला ओठाच्या वरून आत वाहून नेतो आणि तो शार्कना मुकतो. ओठाशी पोहोचल्यावर मृत खडकाला आकडा अडकवून, दोरीच्या टोकाशी पतंगासारखे तरंगत राहायचे. आकडा जिवंत प्रवाळाला लावायचा नाही, हा नियम सर्वत्र सांगितला जातो, पण तो सर्वत्र पाळला जातोच असे नाही. समोर खुल्या समुद्राच्या बाजूला करडे शार्क कधी पाच-सहा, तर कधी त्याहून कितीतरी अधिक संख्येने प्रवाहात तरंगत असतात. पाणबुडे स्थिर राहिले आणि श्वास संथ ठेवला तर ते हळूहळू जवळ येतात. श्वासाबरोबर सुटणाऱ्या बुडबुड्यांचा मोठा आवाज मात्र त्यांना दूर ठेवतो.

तीस मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, त्यामुळे सिलिंडरमधील हवा चौपट वेगाने संपते. वाढलेल्या दाबाखाली रक्तात व ऊतींत नायट्रोजन विरघळतो. वर येण्याची घाई केली तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंतचे विकार होऊ शकतात. साध्या हवेवर या खोलीवर सुमारे २० मिनिटेच राहता येते. म्हणून पुष्कळ जण ३२ टक्के प्राणवायू असलेला नायट्रॉक्स वापरतात आणि वेळ वाढवतात. शेवटी आकडा सोडून प्रवाहाबरोबर खारकच्छात वाहत जायचे, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे आणि नारिंगी फुगा वर सोडून नौकेला खूण करायची, असा क्रम असतो. वर लाटा असतील तर पाण्यातील डोके नौकेवरून दिसत नाही. त्यामुळे हा फुगा प्रत्येकाजवळ असणे आवश्यक मानले जाते.

दुपारच्या खेपेसाठी बहुधा मांटांचे ‘सफाई-स्थानक’ निवडतात. हे प्रवाळाचे ठरावीक उंचवटे असून तेथे झाडूमासे राहतात. मांटा तिथे येऊन मंद गतीने घिरट्या घालतो आणि हे बोटभर मासे त्याच्या अंगावरचे परजीवी आणि जखमांभोवतीची मृत त्वचा खातात. कल्ल्यांच्या फटी आणि तोंडही ते साफ करतात. पाणबुड्यांनी स्थानकापासून काही मीटर अंतरावर, तळालगत बसून राहायचे असते. उंचवट्यावरून पोहत गेले, माशाचा पाठलाग केला किंवा त्याच्या वाटेत आडवे आले, तर तो निघून जातो. त्याच्यामागून रांगेत असलेले इतरही जातात आणि सर्व गटाची खेप वाया जाते. स्पर्श करण्यास सक्त मनाई असते, कारण मांटाच्या अंगावरील श्लेष्माचा थर हाताने निघाला तर त्याला संसर्ग होऊ शकतो. स्वस्थ बसलेल्या पाणबुड्याच्या डोक्यावरून मांटा अनेकदा हातभर अंतरावरून जातो. या स्थळांपैकी माले बेटाजवळील लंकन (हुळंगु काळात) आणि अरि कंकणद्वीपातील रंगली मडिवरू (इरुवै काळात) ही विशेष प्रसिद्ध आहेत.

रात्री अरि कंकणद्वीपातील फेसधू खारकच्छात नौकेच्या मागच्या बाजूला प्रखर दिवे लावून ठेवतात. प्रकाशाकडे प्लवक जमते आणि प्लवकाकडे मांटा. पाणबुडे तळावर वर्तुळाकार बसून वर पाहतात आणि मांटा प्रकाशझोतात पोट वर करून कोलांट्या घेत खात राहतात. पर्यटकाच्या मायदेशी परतण्याच्या आदल्या दिवशी डायव्हिंग बंद ठेवले जाते. अनेक खेपांनंतर विमानप्रवासापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत, असा सर्वमान्य नियम आहे.

हनिफारू

बा कंकणद्वीपाच्या पूर्व कडेला असलेले हनिफारू हे आखातासारखे लहानसे खारकच्छ आहे. नैऋत्य मोसमी काळात, विशेषतः पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या सुमारास, प्लवकाने भरलेले पाणी येथे कोंडले जाते. अशा वेळी शंभराहून अधिक मांटा एकत्र येऊ शकतात. प्लवक फार दाट असेल तर ते एकामागोमाग गोलाकार फिरू लागतात आणि पाण्याचा भोवरा तयार होऊन प्लवक मध्यभागी खेचले जाते. या ‘चक्रीवादळी’ आहारपद्धतीमुळे हे ठिकाण जगप्रसिद्ध झाले.

प्रसिद्धीबरोबर गर्दी आली. फुटबॉलच्या मैदानाएवढ्या पाण्यात नौकांची दाटी होऊ लागली आणि पाणबुड्यांच्या बुडबुड्यांच्या भिंतीमुळे मांटांच्या खाण्यात व्यत्यय येऊ लागला. २००९ साली हनिफारू संरक्षित क्षेत्र झाले आणि २०११ मध्ये बा कंकणद्वीपाला युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. २०१२ पासून हनिफारूत स्कूबा डायव्हिंगला पूर्ण बंदी आहे. पृष्ठभागावरून स्नॉर्केल लावून पाहण्याची मुभा आहे, पण एका वेळी ८० जणांनाच आणि ४५ मिनिटेच. त्यावर रक्षकांची देखरेख असते. जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध मांटा-स्थळी सिलिंडर लावून उतरता येत नाही, ही गोष्ट अनेक पर्यटकांना तिथे पोहोचल्यावरच कळते.

इतिहास आणि अर्थकारण

ऑस्ट्रियाचे सागरी जीवशास्त्रज्ञ व चित्रपटकार हान्स हास यांनी १९५७-५८ मध्ये ‘झारिफा’ या नौकेवरील मोहिमेत मालदीवच्या प्रवाळभित्तींचा अभ्यास केला. पर्यटनाला आरंभ १९७२ साली, कुरुंबा येथील पहिल्या पर्यटन बेटापासून झाला. सुरुवातीच्या पर्यटकांत भाल्याने मासे मारणारेही होते. पुढे तो छंद बंद पडला आणि कॅमेरा घेऊन उतरणाऱ्यांची संख्या वाढली.

मालदीवमधील शार्कची मासेमारी त्याहून फार जुनी आहे. शार्कच्या यकृताचे तेल धोनींच्या लाकडाला चोपडत असत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी बाजारासाठी पर आणि खोल पाण्यातील गल्पर शार्कच्या यकृताचे तेल यांची निर्यात वाढली. गल्पर शार्कची मासेमारी १९८०च्या दशकाच्या आरंभी शिगेला पोहोचली आणि नंतर कोसळली. खोल, थंड पाण्यातील या शार्कना पिले फारच थोडी होतात, त्यामुळे त्यांची संख्या पुन्हा भरून येऊ शकली नाही.

याच काळात एक हिशेब मांडला गेला आणि त्याचे परिणाम दूरगामी ठरले. १९९३ साली आर. चार्ल्स अँडरसन व हुधा अहमद यांनी शार्कच्या मासेमारीवरील अहवालात डायव्हिंगच्या उत्पन्नाचा अंदाज दिला. त्यानुसार एका मृत करड्या शार्कपासून मच्छीमाराला सुमारे ३२ डॉलर मिळत. डायव्हिंग स्थळावरील एक जिवंत शार्क वर्षाला सरासरी ३,३०० डॉलरचे उत्पन्न देई, आणि अरि कंकणद्वीपातील ‘फिश हेड’ या स्थळी हाच आकडा ३३,५०० डॉलर होता. १९९५ साली फिश हेड व माया थिला यांच्यासह १५ डायव्हिंग स्थळांना संरक्षण मिळाले आणि तिमिंगल शार्कच्या शिकारीवर बंदी आली. १९९८ मध्ये पर्यटनप्रधान कंकणद्वीपांत शार्कच्या मासेमारीला दहा वर्षांची स्थगिती देण्यात आली. मांटांबाबतचा असाच अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मालदीवमध्ये मांटा पाहण्यासाठी वर्षाला सुमारे १,४३,००० वेळा पाण्यात उतरले जाते आणि त्यापासून सुमारे ८१ लाख डॉलरचे थेट उत्पन्न मिळते, असे त्यात दिसून आले.

या हिशेबात एक त्रुटी आहे. जिवंत शार्कचे हजारो डॉलर पर्यटन बेटांच्या आणि सफारी बोटींच्या मालकांकडे जातात, तर मृत शार्कचे ३२ डॉलर दूरच्या बेटावरील मच्छीमाराच्या घरात जात होते. देणारा व घेणारा एकच नसल्याने ‘जिवंत शार्क अधिक मोलाचा’ हे विधान राष्ट्राच्या बाबतीत खरे असले, तरी शार्कच्या मासेमारीवर पोट असलेल्या कुटुंबाला ते तसे वाटणे कठीण होते.

बंदी आणि त्यानंतर

२००९ साली किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रवाळी शार्कच्या मासेमारीवर बंदी आली आणि २०१० मध्ये ती देशाच्या संपूर्ण सागरी हद्दीत सर्व शार्कना लागू झाली. शार्कच्या उत्पादनांचा व्यापारही बंद करण्यात आला. शार्क पकडणाऱ्या मच्छीमारांची साधने सरकारने विकत घेतली आणि त्यांना अन्य व्यवसायांकडे वळवण्याची योजना आखली. तिची अंमलबजावणी अपुरी झाल्याची तक्रार मच्छीमार करीत आले आहेत. गळाला लागलेले मासे शार्क तोडून नेतात, ही त्यांची दुसरी तक्रार बंदीनंतर वाढली. काठी व गळाने कुपा पकडणाऱ्या मच्छीमारांपैकी अनेकांची समजूत मात्र वेगळी आहे. तरंगत्या ओंडक्याभोवती शार्क असले की कुप्याचा थवाही टिकून राहतो, असे ते मानतात, आणि त्यामुळे खुल्या समुद्रातील शार्कच्या मासेमारीला त्यांचा पूर्वीपासून विरोध होता.

एप्रिल २०२१ मध्ये शार्कच्या मासेमारीला पुन्हा परवाने देण्याचा विचार चालू असल्याची बातमी आली. डायव्हिंग व्यावसायिक आणि संवर्धन संस्थांनी तीव्र विरोध केल्यावर, बंदी कायम राहील असे सरकारने स्पष्ट केले. २०२५ मध्ये सरकारने खोल समुद्रातील गल्पर शार्कची मासेमारी नियंत्रित स्वरूपात पुन्हा सुरू करण्याचा निर्णय जाहीर केला आणि वाद नव्याने उभा राहिला. हे शार्क शेकडो मीटर खोल पाण्यात राहतात. कोणताही पाणबुडा त्यांना पाहण्यासाठी पैसे मोजत नाही, म्हणून १९९३चा हिशेब त्यांना लागू पडत नाही.